मर्यादावेलीच्या अलीकडे

गाडीलाच घर करून एकट्याने कोकण पालथे घालण्याचे वेड अलीकडे वाढते आहे. मागच्या सीट काढायच्या, फळी टाकून गादी अंथरायची, एक लहान गॅस, पाण्याचे दोन कॅन आणि चार भांडी ठेवली की संसार तयार. हॉटेल शोधायला नको आणि कुणाच्या आवरण्याची वाट बघायलाही नको. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हीही असाच एक पूर्ण दिवस गुहागरच्या किनाऱ्यावर घालवला. लिहिण्याच्या रिवाजाने 'आम्ही' म्हणायचे, एरवी व्हॅनमध्ये माणूस एकच होता. सोबतीला एक दुर्बीण, एक वही आणि घरून बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या.

जाण्याचे कारण एकच होते. मुंबई-पुण्याकडची माणसे गुहागरला समुद्र बघायला जातात, मासे खातात, फोटो काढतात आणि परततात. त्याच वाळूवर, त्याच पाण्यात आणि त्याच माडांवर जे जीव राहतात, ते एका दिवसात किती दिसतात हे आम्हाला बघायचे होते. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्या वाचकांना या दिवसाचा उपयोग व्हावा म्हणून तो सांगतो आहोत.

गाडी कुठे लावायची?

गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, चिपळूणपासून साधारण ४५ किलोमीटरवर. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात ते लांबलचक पसरले आहे. आधी रस्ता, मग घरे, घरांमागे नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यापुढे सुरूचे बन आणि मग एकदम मोकळी, कित्येक किलोमीटर सरळ जाणारी वाळू.

व्हॅनवाल्याला पहिला मोह याच वाळूचा होतो. गाडी थेट लाटांजवळ न्यावी, मागचे दार उघडावे आणि गादीवर पडून समुद्र बघावा. असे फोटो मोबाइलवर रोज दिसतात. कोकणातल्या किनाऱ्यांवर गाड्या रुतल्याच्या, भरतीच्या पाण्यात सापडल्याच्या बातम्याही जवळजवळ प्रत्येक सुट्टीत येतात. पण गाडीचे नुकसान ही त्यातली लहान गोष्ट. नोव्हेंबर ते मार्च या काळात याच वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी असतात. खड्डा हात-दीड हात खोल असतो आणि मादी तो इतक्या सफाईने बुजवते की वरून काही कळत नाही. चाकाखाली वाळू दबली की आतली पिल्ले वर येऊ शकत नाहीत. आलीच तर चाकोऱ्यांमध्ये अडकतात. चार बोटे खोल चाकोरी आपल्याला काहीच वाटत नाही, पण काडेपेटीएवढ्या पिल्लाला तो खंदक होतो. ते त्यातूनच सरळ चालत राहते आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी कावळा, कुत्रा किंवा खेकडा त्याला गाठतो.

किनाऱ्यावर जिथे भरतीचे पाणी सहसा पोहोचत नाही तिथून एक वेल सुरू होते. आपट्यासारखी दुभंगलेली जाड पाने आणि जांभळट गुलाबी फुले. तिचे नाव मर्यादावेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती पसरते आणि मुळांनी वाळू धरून ठेवते. आम्ही ठरवले की ही मर्यादा समुद्राची तशी आपलीही. गाडी वेलीच्या अलीकडे, गावाच्या बाजूलाच राहील. एका वाडीत घरमालक काकांना विचारले तेव्हा त्यांनी थोड्या पैशांत अंगणात जागा दिली, विहिरीचे पाणी आणि संडास-न्हाणीघर वापरू दिले. एकट्या मुसाफिराला रात्री हाकेच्या अंतरावर माणसे असणे हेही बरेच असते.

पहाटेची वाळू

फजर आटोपून निघालो तेव्हा अंधार पुरता सरला नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे समुद्र उजळतो पण वाळूवर बराच वेळ सावली असते. चालायला हीच वेळ चांगली. रात्रभरात कोण कोण येऊन गेले ते वाळूवर लिहिलेले असते. खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढलेली असते. कुत्र्यांचे ठसे, पाखरांची तीन बोटे आणि नशीब असेल तर ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखा एक रुंद माग, पाण्यातून वर आलेला आणि पुन्हा पाण्यात गेलेला. तो कासविणीचा.

आम्हाला माग दिसला नाही, पण माग शोधणारे भेटले. गावातलीच ही माणसे कासवमित्र म्हणून ओळखली जातात. वनविभागाच्या मदतीने हंगामभर ती पहाटे किनारा पायी तुडवतात. माग दिसला की घरटे नेमके कुठे आहे ते काठीने चाचपतात. घट्ट वाळूत काठी अडते, खड्डा बुजवलेल्या ठिकाणी सहज आत जाते. हे कसब जुने आहे. पूर्वी अंडी काढून खाण्यासाठी आणि विकण्यासाठी कोकणात हीच काठी वापरली जाई. आज त्याच कसबाने अंडी वाचतात.

हा बदल आपोआप घडलेला नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. गावकऱ्यांना सोबत घेतले, घरटी राखायला गावातलीच माणसे नेमली. पुढे २००६ पासून पिल्ले समुद्रात जाताना बघायला पाहुणे येऊ लागले आणि घराघरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली. अंडी विकून एकदाच पैसे मिळत, पिल्ले राखून दरवर्षी मिळतात, हे गावाने अनुभवले. नंतर ही पद्धत किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोहोचली.

एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात, दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखी, पण कवच मऊ. कासवमित्र ती हळुवार बादलीत घेतात आणि कुंपण घातलेल्या जागेत मूळ घरट्याइतकाच खोल, तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात. प्रत्येक खड्ड्यावर तारखेची पाटी असते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. मादी अंडी घालून गेली की परत फिरकत नाही. उबवण्याचे काम वाळूचे. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर जास्त. म्हणून वाढत्या उन्हाळ्याची चिंता किनाऱ्यावरच्या माणसांनाही आहे. उन्हे वाढली की अनेक ठिकाणी घरट्यांवर सावली धरली जाते.

सातच्या सुमाराला एका खड्ड्यावरची टोपली उचलली तेव्हा आत काळपट राखी पिल्लांची वळवळ चालू होती. बघायला पंचवीस-तीस माणसे जमली होती, त्यात चार-पाच मुले. दोन्ही बाजूंना दोर बांधलेला होता. "पुढे यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही," कासवमित्राने एकदाच बजावले आणि टोपली पाण्यापासून काही फूट अंतरावर अलगद आडवी केली. थेट पाण्यात सोडत नाहीत, तेवढी वाळू त्यांनी स्वतः तुडवायची असते. हीच चाल त्यांच्या आठवणीत किनारा कोरते असे जाणकार मानतात. पिल्ले थबकली, मान वर केली आणि जिकडे उजेड मोकळा होता तिकडे, म्हणजे समुद्राकडे, चालू लागली. पहिली लाट आली, दोघा-तिघांना उलटेपालटे करून मागे टाकून गेली. ती पुन्हा उठली. दहा-पंधरा मिनिटांत वाळू रिकामी झाली.

त्यातली किती जगतील? मासे, पक्षी, जाळी, प्लॅस्टिक यांतून वाचून हजारात एखादेच मोठे होते असा अंदाज सांगतात. नर पुन्हा कधी जमिनीवर येत नाही. मादी बारा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला येते.

बसून बघण्याची विद्या

नाश्ता गाडीत केला. चहा, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मग एक लहान स्टूल घेऊन सुरूच्या सावलीत बसलो. ओहोटी लागली होती आणि ओल्या वाळूवर कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, थवा उतरला होता. शेकडो पक्षी, सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे. त्यांच्यात तपकिरी डोक्याचे कुरव होते. हे लडाख आणि तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करून हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्या पायांशी चिखल्या जातीचे चिमुकले पक्षी लाटेच्या मागे धावत, लाट वळली की पळत मागे येत. त्यांच्यापैकी काहींची घरे हिमालयापलीकडे आहेत.

अकराच्या सुमाराला दोन मोटारसायकली भरधाव आल्या आणि थव्यात घुसल्या. सगळे पक्षी एकदम उडाले. दृश्य सुंदर होते, व्हिडिओही छान आला असेल. पण उन्हाळ्यात हजारो किलोमीटर परत उडायचे असलेला पक्षी इथे दिवसभर खाऊन चरबी साठवत असतो. त्याला वारंवार उडवणे म्हणजे त्याच्या शिदोरीतून काढून घेणे. कुरकुरे आणि फरसाण फेकून कुरवांना जवळ बोलावणे हाही आता किनाऱ्यांवरचा नेहमीचा खेळ झाला आहे. तेल-मिठाचे ते खाणे त्यांचे नव्हे.

अशा वेळी सालिम अली आठवतात. १८९६ मध्ये मुंबईत सुलेमानी बोहरा घराण्यात जन्मलेल्या या पोरक्या मुलाला मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेले आणि पुढे ते भारताचे पक्षितज्ज्ञ झाले. पण त्यांच्या मोठेपणाची एक पायरी आपल्या कोकण किनाऱ्यावरच आहे. १९३० मध्ये नोकरी हातची गेली तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. तिथे त्या पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांची वसाहत दिवसच्या दिवस निरखली. नावाने सुगरण, पण घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेली घरटी तपासते, एखादे पसंत करते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे विणायला घेतो. ही गोष्ट कुणी पक्ष्याला पकडून किंवा पिटाळून शोधलेली नाही. एका जागी बसून, वहीत टिपून, रोज तेच बघून ती कळली. पैसे नसलेल्या, काम नसलेल्या काळात हे झाले, हे आपल्या घरातल्या तरुणांना सांगण्यासारखे आहे.

दुपारी वाडीतही स्टुलावरूनच बघितले. सुपारीच्या बागेत सावली गार असते. धनेशाचा कर्कश आवाज दोनदा आला, पक्षी एकदा दिसला. धनेशाची मादी ढोलीत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून फळे भरवत राहतो. काकांनी लांबवर उभे एक उंच झाड दाखवले. शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा ढीग होता. ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचे घरटे. ही जोडी वर्षानुवर्षे एकच घरटे डागडुजी करून वापरते. थोड्या वेळाने गरुड आलाच, नखांत मासा घेऊन. किनाऱ्यावरची जुनी, उंच झाडे गेली की हा पक्षीही जातो, कारण त्याला दुसरीकडे तेवढी उंची मिळत नाही. झाडाखाली जाऊ नका, पिल्लू असेल तर गरुड बिथरतो, असे काकांनी सांगितले. आम्ही गेलो नाही.

टाळकेश्वरचा कडा

असरच्या सुमाराला व्हॅन अंजनवेलकडे काढली. गोपाळगड किल्ला, पलीकडे गॅसच्या जहाजांचा धक्का आणि अलीकडे टाळकेश्वरचे दीपगृह. इथे डोंगराची सोंड समुद्रात शिरली आहे आणि बाजूने वाशिष्ठीची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडाशी मासे भरपूर, म्हणून डॉल्फिनही.

आपल्या किनाऱ्याजवळचा हा डॉल्फिन कुबडवाला, पाठीवर उंचवटा आणि त्यावर लहान पर. तो खोल समुद्रात जात नाही. उथळ पाण्यात, किनारा धरून राहतो. म्हणूनच तो आपल्याला दिसतो आणि म्हणूनच आपल्या जाळ्यांत, बोटींच्या वाटेत आणि सांडपाण्यात सापडतो. जगभरच्या यादीत ही जात आज धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहे.

कड्यावर बसून पाऊण तास काहीच दिसले नाही. मग दुर्बिणीत एक करडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सुटला असावा, कारण एवढ्या लांबून ऐकू येत नव्हते, आणि पाठ बुडाली. तिच्यामागे दुसरी. मग एक लहानशी, मोठीला अगदी चिकटून. आई आणि पिल्लू. अर्ध्या तासात ती खाडीच्या तोंडाशी चार-पाच वेळा वर आली, त्यांची शिकार चालू होती आणि कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते की कुणी बघते आहे.

हीच सफर बोटीतून केली असती तर अधिक जवळून दिसले असते हे खरे. कोकणात बोटवाल्यांची पोटे या सफरींवर चालतात आणि चांगले बोटवाले इंजिन मंद करून लांब थांबतातही. पण गिऱ्हाईकच "अजून जवळ घ्या" म्हणून मागे लागले तर बोटवाला काय करणार? डॉल्फिन माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेत नाही, त्याला हवेसाठी वर यावेच लागते. तो वर येईल तिथे बोट धावत असेल तर त्याला श्वासही घाईने घ्यावा लागतो. बोटीत बसणाऱ्यांनी एकच वाक्य बोलावे, "भाऊ, इथेच थांबवा." पैसे देणाऱ्याचे ऐकले जाते.

अंधारातला किनारा

मगरीबनंतर वाडीत परतलो. जेवण उरकून, गाडीचे दिवे बंद ठेवून, पायी किनाऱ्यावर गेलो आणि सुरूच्या कडेला बसलो. मादी रात्रीच येते. तिला वाळूवर उजेड किंवा हालचाल दिसली की अंडी न घालताच परत फिरते. पिल्लांचे उलटे. ती उजेडाकडेच जातात. समुद्रावरच्या आकाशापेक्षा हॉटेलचा दिवा प्रखर असेल तर ती गावाकडे चालू लागतात आणि सकाळी रस्त्यावर चिरडलेली किंवा वाळूत सुकलेली सापडतात. किनाऱ्यालगत जसजशी बांधकामे वाढतात, धूप थांबवायला दगडी बंधारे उठतात, तसतशी तिला खड्डा करायला वाळूच कमी पडते.

त्या रात्री कासवीण आली नाही. दहा वाजता आम्ही उठलो. पण ज्या वाळूवर बसलो होतो तिची किंमत काय आहे ते एका घटनेवरून कळते. जानेवारी २०२५ मध्ये याच गुहागरला एक मादी अंडी घालायला आली. तिच्या परावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्यावर लावली होती. पूर्व किनाऱ्यावर भेटलेली कासवीण भारताला वळसा घालून, सुमारे ३,५०० किलोमीटर पोहून पश्चिम किनाऱ्यावर आली होती. दोन्ही किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असावीत हा समज त्यामुळे ढिला झाला. त्याआधी २०२२ मध्ये कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली होती, त्यांतल्या लक्ष्मी आणि रेवा या दोघी गुहागरच्याच. एवढ्या मोठ्या समुद्रातून येणाऱ्या जीवाला हवी असते ती फक्त काही हात मोकळी, मऊ, अंधारी वाळू.

कुटुंबासह जाणार असाल तर

पिल्ले बघायला फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिल हा काळ धरावा. पिल्ले रोज निघतातच असे नाही, म्हणून आधी गावात फोन करून विचारावे आणि किमान दोन सकाळी हाताशी ठेवाव्यात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी पिल्ले सोडतात. एखादे दिवशी काहीच निघाले नाही तर मुलांसमोर चिडू नये. वाट बघणे हाही बघण्याचाच भाग आहे हे त्यांना तिथेच शिकायला मिळते.

मुक्काम शक्यतो गावातल्या घरी करावा, म्हणजे कासव राखणाऱ्या गावाला त्यातून काही मिळते. व्हॅन असेल तर अंगणात जागा मागावी, पाणी-कचऱ्याची सोय विचारून घ्यावी, भांड्यांचे साबणाचे पाणी वाळूत ओतू नये. रात्री किनाऱ्यावर विजेरी लावू नये. अगदीच लागली तर तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद बांधावा. एक साधी दुर्बीण चौघांना पुरते. पिल्लू तळहातावर घेऊन फोटो काढायचा हट्ट मुलांपेक्षा मोठी माणसेच जास्त करतात, तो सोडावा. समुद्री कासव आणि डॉल्फिन दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे वरच्या दर्जाचे संरक्षण आहे.

त्या सकाळी वाळू तुडवून गेलेल्या पिल्लांतली एखादी मादी वाचली तर ती साधारण २०४० च्या आसपास अंडी घालायला परतेल. दोराच्या अलीकडे उभी असलेली ती चार-पाच मुले तोवर पंचविशीत असतील. तिला उतरायला गुहागरला वाळू मोकळी असेल की नाही, हे आपण आपल्या गाड्या, दिवे आणि घरे मर्यादावेलीच्या कोणत्या बाजूला ठेवतो त्यावर अवलंबून आहे.